दाब कोणाच्या हाती ठेवायचा?

डेटन, ओहायो

चि. बाळास,


तुझा निरोप मिळाला. मॅडिसनला गेल्यापासून अभ्यासाच्या जोडीला तुला एखादा मैदानी खेळ सापडावा असं ताईला आणि मला, दोघींनाही वाटत होतं. तो पेंटबॉल निघाला याचा मला मनापासून आनंद आहे. तू विचारलं आहेस की एक सीनियर आपली जुनी गन आणि तिच्याबरोबरची २० औंसांची सीओटूची बाटली स्वस्तात देतो आहे. ती घ्यावी, की थोडे पैसे जास्त घालून कॉम्प्रेस्ड एअरचा टँक घ्यावा?

माझं मत आधीच सांगते: हवेचा टँक घे. पण मत तेवढं पाठवून माझं समाधान होणार नाही. उद्या तू दुसरी गन घेशील, दुसऱ्या गावी खेळशील, तेव्हा नुसतं मत कामाला येणार नाही. त्यामागचं कारण येईल. उच्च दाबाच्या सिलिंडरांची तपासणी हे माझं रोजचं काम. या धातूच्या बाटल्यांमध्ये काय कोंडलेलं असतं याची मला जाण आहे, आणि तुलाही ती यावी अशी फार इच्छा आहे. म्हणून पत्र जरा लांबणार आहे. सवडीने वाच.

वायूने करायचं काम काय, ते आधी बघ. पेंटबॉलची नेहमीची गोळी ०.६८ कॅलिबरची, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर व्यासाची आणि तीन ग्रॅमच्या आसपास वजनाची. ती सेकंदाला २८० ते ३०० फुटांच्या वेगाने नळीतून बाहेर पडली पाहिजे. बहुतेक फील्ड ३०० फुटांच्या वर जाऊ देत नाहीत. काही २८० वरच थांबवतात आणि बंदिस्त जागेत मर्यादा आणखी खाली असते. वेग कमी पडला तर गोळी लांब जात नाही, आणि लागली तरी फुटत नाही. वेग वाढला तर समोरच्याला इजा होते. म्हणजे वायूकडून आपली मागणी एकच आहे: सकाळी, दुपारी, पहिल्या गोळीला आणि पाचशेव्या गोळीलाही तेवढाच धक्का. आता या मागणीवर दोन्ही वायू घासून बघू.

सीओटूच्या बाटलीत वायू भरलेला नसतो, द्रव भरलेला असतो. त्या द्रवाची वाफ होते आणि ती वाफ गोळी ढकलते. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचंही असंच असतं. लग्नघरच्या मोठ्या भट्टीला जोडलेला सिलिंडर तू पाहिला आहेस: तासभर आच जोरात चालली की त्याच्या अंगावर दव साचतं, थंडीत चक्क हिमाचा थर धरतो आणि आच मंदावते. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते. ती द्रव स्वतःतूनच काढून घेतो, म्हणून थंड पडतो, आणि थंड पडला की दाब उतरतो. तू भराभर वीस-तीस गोळ्या झाडल्यास की सीओटूच्या बाटलीत हेच घडतं. शेवटची गोळी पहिलीपेक्षा हळू जाते आणि लक्ष्याच्या अलीकडेच पडते.

त्याहून मोठी अडचण ऋतूची आहे. बाटलीत द्रव शिल्लक आहे तोवर आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. बाटली भरलेली आहे की अर्धी, याने फरक पडत नाही. २१ अंश सेल्सियसला तो सुमारे ८५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो. ५ अंशांना ५७५ च्या आसपास येतो, शून्याला ५०० च्या जवळ, आणि उणे १० अंशांना ३८० च्या घरात. मॅडिसनमध्ये ऑक्टोबरातल्या सकाळी ५ अंश ही नवलाई नाही आणि जानेवारीत शून्याच्या वर पारा चढला तर लोक त्याला चांगला दिवस म्हणतात. अशा गारठ्यात ८५० पीएसआय गृहीत धरून बांधलेली गन कशी चालेल? ती खोकत चालते. कधी नुसतीच खडखडते आणि गोळी नळीतच राहते.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती दुसऱ्याच्या अंगावर येते. सकाळी गारठ्यात, वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर उभं राहून तू गनचा वेग २८० वर बसवलास. दुपारी ऊन पडलं, बाटली तापली, दाब चढला. तीच गन आता ३०० च्या पुढे मारू लागली आणि तुला पत्ताही नाही. सीओटूवर खेळत असशील तर दिवसातून एकदा क्रोनोग्राफ करून भागत नाही. जेवणाच्या सुटीनंतर पुन्हा करायचा, हा नियमच धरून चाल.

तिसरी गोष्ट द्रवाची. गन खाली रोखली, किंवा घाईने गोळ्या मारल्या, की वाफेऐवजी थेट द्रवच गनमध्ये शिरू शकतो. तो इतका थंड असतो की रबराच्या ओ-रिंग ताठर होतात, चिरतात. इलेक्ट्रॉनिक गनमधला नाजूक सोलेनॉइड व्हॉल्व्ह तर त्याने कायमचा बिघडू शकतो. यावर उपाय शोधले गेले आहेत. बाटलीच्या आत वाकडी नळी बसवतात, म्हणजे बाटली आडवी असताना नळीचं तोंड वरच्या वाफेत राहतं. तिला अँटी-सायफन म्हणतात. गनवर एक्स्पान्शन चेंबर लावतात, किंवा बाटली पाठीवर घेऊन लांब नळीने जोडतात, म्हणजे वाटेत द्रवाची वाफ व्हायला वाव मिळतो. हे सगळे उपाय खरे आहेत आणि चालतात. पण प्रत्येक उपाय म्हणजे आणखी एक जोड, आणखी एक गळती, आणखी एक खर्च.

सीओटूचे गुण मात्र लपवणार नाही. या खेळाचा जन्मच त्यावर झाला. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जण पहिल्यांदा हा खेळ खेळले. त्यांच्या हातात नेल्सन कंपनीच्या नेलस्पॉट ००७ गन होत्या. झाडांवर आणि गुरांवर रंगाच्या खुणा करण्यासाठी त्या बनवलेल्या होत्या, आणि १२ ग्रॅमच्या छोट्या सीओटू काडतुसावर चालत. त्या दिवशी जिंकलेल्या रिची व्हाइटने एकही गोळी झाडली नाही, असं सांगतात. दर गोळीला हाताने दट्ट्या ओढून सावकाश खेळणारे पंप गनवाले आजही ती काडतुसं वापरतात. त्यात काही उणं नाही, कारण दोन गोळ्यांमध्ये वायूला सावरायला वेळ मिळतो. शिवाय द्रव रूपात फार मोठा साठा लहान जागेत मावतो. तुला देऊ केलेल्या २० औंसांच्या बाटलीतून सुमारे ३०० लिटर वायू निघतो. बाटली स्वस्त असते, आणि जिथे हवा भरण्याची सोय आसपास कुठेच नाही अशा आडगावी सीओटू हाच मार्ग उरतो. उन्हाळ्यात, साध्या मेकॅनिकल गनवर, मित्रांबरोबर निवांत खेळायचं असेल तर सीओटू वाईट नाही.

आता हवेकडे वळू. एचपीए म्हणून जे म्हणतात ती तुझ्या-माझ्या श्वासातलीच हवा. फक्त कोरडी, गाळलेली आणि ३००० किंवा ४५०० पीएसआयपर्यंत दाबलेली. तिचा आत द्रव होत नाही, म्हणून वाफ होण्याचा आणि त्यापायी बाटली गारठण्याचा प्रश्नच येत नाही. टँकच्या तोंडावर रेग्युलेटर असतो. तो आतला दाब ४००० असो की १०००, बाहेर मात्र ठरलेलाच देतो: बहुधा ८०० ते ८५० पीएसआय, आणि कमी दाबाच्या प्रकारात ४५० च्या आसपास. माझ्या सगळ्या सांगण्याचं सार इथे आहे. सीओटूचा दाब हवामान ठरवतं. हवेचा दाब रेग्युलेटर ठरवतो. हवामान तुझ्या हातात नाही, रेग्युलेटर आहे. ज्या गोष्टीवर समोरच्या माणसाची सुरक्षितता आणि तुझा नेम दोन्ही अवलंबून आहेत, ती आपल्या ताब्यात राहील अशी निवड करावी.

टँकवर दोन आकडे असतात, ते वाचायला शीक. ४८/३००० म्हणजे ४८ घन इंचांचा, ३००० पीएसआयपर्यंत भरायचा टँक. तो ॲल्युमिनियमचा असतो. ६८/४५०० हा कार्बन फायबरने वेढलेला. दोघांत किती फरक पडतो, ते गुणाकाराने कळतं. रेग्युलेटरला बाहेर ८०० द्यायचे म्हणजे आत ८०० उरले की कामाची हवा संपली. म्हणून पहिल्यात ४८ गुणिले २२००, म्हणजे १,०५,६०० आणि दुसऱ्यात ६८ गुणिले ३७००, म्हणजे २,५१,६००. दुसऱ्यात वापरता येण्याजोगी हवा जवळजवळ अडीचपट भरते, आणि तो हाताला पहिल्याहून जड लागत नाही. गोळ्यांच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यावर साधारण साडेचारशे-पाचशे, दुसऱ्यावर हजाराच्या आसपास. गनप्रमाणे यात बराच फरक पडतो. तुझ्या सीनियरची २० औंसांची बाटली आणि ६८/४५०० चा टँक साठ्याच्या बाबतीत जवळपास बरोबरीचे आहेत, हेही ध्यानात घे. किमतीत मात्र कार्बन फायबर ॲल्युमिनियमच्या दुप्पट-तिप्पट जातो.

मग तू कोणता घ्यावास? दुकानात जाण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरं मिळव, आणि याच क्रमाने मिळव.

पहिला प्रश्न भरण्याचा. तू ज्या फील्डवर खेळणार आहेस तिथे फोन कर आणि हवा ३००० पर्यंत भरतात की ४५०० पर्यंत, हे विचार. ४५०० चा टँक ३००० पर्यंत भरून वापरता येतो. त्यात अपाय काहीच नाही, फक्त घातलेल्या पैशांचा पुरता मोबदला मिळत नाही. ३००० चा टँक ४५०० पर्यंत कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून भरायचा नाही. अनेक फील्डवर दिवसाच्या प्रवेशातच हवा हवी तितकी भरून मिळते. तसं असेल तर लहान टँकही पुरतो, कारण प्रत्येक डावानंतर तो पुन्हा भरता येतो.

दुसरा प्रश्न गनचा. टिपमन ९८ सारखी दणकट मेकॅनिकल गन सीओटू आणि हवा दोन्हींवर चालते. इलेक्ट्रॉनिक गन बहुतेक सगळ्या फक्त हवेच्या. बॅटरी नाही म्हणून सीओटू चालेल, असंही समजू नकोस. प्लॅनेट एक्लिप्सची एमेक पूर्ण मेकॅनिकल असूनही हवेवरच चालवायची असते. यात एक फसगत आहे. सीओटूची बाटली आणि हवेचा टँक, दोघांच्या तोंडाचे आटे सारखेच असतात. चुकीची बाटलीही गनमध्ये सहज बसते आणि कोणी अडवत नाही. म्हणून गनचं माहितीपुस्तक वाचल्याशिवाय काहीही जोडू नकोस.

तिसरा प्रश्न खेळण्याच्या ऋतूचा आणि पद्धतीचा. तू विस्कॉन्सिनमध्ये आहेस आणि तुमच्या विद्यापीठाचं सत्र शरद ऋतूपासून वसंतापर्यंत चालतं, म्हणजे थंडीचाच काळ. तुझ्यापुरता हा प्रश्न इथेच निकालात निघतो.

चौथा प्रश्न पैशांचा, आणि तो मुद्दामच शेवटी ठेवला आहे. पहिल्या वर्षी ४८/३००० चा ॲल्युमिनियमचा टँक घे. तो दणकट असतो, आदळआपट सोसतो, आणि पुढे हा खेळ तुझ्या अंगवळणी पडला, स्पर्धांत उतरलास, की ६८/४५०० कडे जाता येईल. तेव्हाही हा टँक जास्तीचा म्हणून उपयोगी पडेल. गनवर चार पैसे कमी खर्च झाले तरी चालेल. टँक आणि मास्क या दोन गोष्टींत मात्र काटकसर करू नकोस.

आता माझ्या कामाच्या अधिकाराने सांगते ते काळजीपूर्वक वाच.

टँक शक्यतो नवा घे. जुना घ्यायचीच वेळ आली तर सर्वात आधी त्याच्यावरची तारीख शोध. ॲल्युमिनियमवर ती खांद्याशी ठोकलेली असते, कार्बन फायबरवर लेबलात असते. दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट व्हावी लागते: टँक पाण्याने भरून, नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन तो किती फुगतो आणि पुन्हा मूळ मापावर येतो का, हे मोजतात. कार्बन फायबरच्या टँकचं आयुष्य साधारणपणे १५ वर्षं ठरवलेलं असतं. त्यानंतर तो टेस्टलाही घेत नाहीत. तारीख उलटलेला टँक चांगलं फील्ड भरून देणार नाही, आणि जे देईल तिथे तू खेळू नकोस. फायबरवर खोल चरा किंवा तंतू सुटलेले दिसले तर तो टँक भरू नकोस. ॲल्युमिनियमचा टँक रंगवून भट्टीत भाजलेला असेल तर फुकट मिळाला तरी नको, कारण त्या उष्णतेने धातूचा कस जातो.

टँक सावकाश भर. घाईने भरला की आतली हवा तापते, काटा ३००० दाखवतो आणि थंड झाल्यावर तोच खाली येतो. भरायच्या निपलवर तेल किंवा ग्रीस कधी लावू नकोस. उच्च दाबाची हवा आणि खनिज तेल एकत्र आले तर पेट घेऊ शकतात. रेग्युलेटरवरच्या छोट्या पितळी चकत्या जास्त दाबाला आपण होऊन फुटाव्यात म्हणून असतात: ३००० च्या टँकला ५००० पीएसआयची आणि ४५०० च्या टँकला ७५०० ची. एकाची चकती दुसऱ्याला लावायची नाही. रेग्युलेटर टँकपासून घरी उघडायचा नाही. ते माझ्यासारख्यांचं काम आहे.

इतकं सांगूनही तू सीओटूच घ्यायचं ठरवलंस, तर दोन गोष्टी मला वचन म्हणून दे. एक: भरलेली बाटली उन्हात बंद गाडीत ठेवणार नाहीस. ३१ अंशांच्या वर सीओटूचा द्रव राहतच नाही, आणि भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. गाडीत ६० अंशांपर्यंत तापली तर तो नेहमीच्या तिपटीच्या घरात जातो. त्याच गाडीत ३००० चा हवेचा टँक फार तर ३४०० पर्यंत चढतो. दोन: बाटली गनमधून काढताना बाटलीबरोबर तिचा व्हॉल्व्हही फिरतो आहे ना, हे बघशील. कधी कधी बाटली गनपासून सुटण्याऐवजी बाटलीच आपल्या व्हॉल्व्हपासून सुटू लागते. पूर्ण सुटली की ती बाणासारखी उडते. अशा अपघातांत अमेरिकेत माणसं दगावली आहेत, आणि इथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने त्याबद्दल जाहीर इशाराही दिला होता. उपाय अगदी सोपा आहे: नेलपॉलिशने व्हॉल्व्ह आणि बाटली या दोघांवरून जाणारी एक सरळ उभी रेघ ओढ. फिरवताना ती रेघ तुटलेली दिसली की तिथेच हात थांबव आणि बाटली जाणत्या माणसाकडे दे. भरतानाही वजनकाट्यावरच भरून घे. सीओटू वजनाने भरतात, अंदाजाने नव्हे. काट्यावाचून भरली, तर बाटली जास्त भरलेली भरणाऱ्यालाही कळत नाही.

आता त्या सीनियरच्या गनबद्दल. ती टिपमन ९८ सारखी मेकॅनिकल असेल आणि किंमत वाजवी असेल, तर गन जरूर घे. तीच गन हवेच्या टँकवरही नीट चालेल. बाटली मात्र त्यालाच ठेवू दे आणि तेवढे पैसे कमी करून माग. इलेक्ट्रॉनिक असून ती सीओटूवर चालवलेली असेल, तर सोलेनॉइड शाबूत आहे का हे दुकानदाराकडून तपासल्याशिवाय हात लावू नकोस.

सुटीत पुण्याला जाताना टँक बरोबर नेण्याचा विचारही मनात आणू नकोस. व्हॉल्व्ह पूर्ण काढून आतलं रिकामेपण दिसेल असा टँकच इथल्या विमानतळावरच्या तपासणीतून जाऊ शकतो. आणि भारतात गॅस सिलिंडर आणायला, भरायला २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत. त्याची परवानगी नागपूरच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येते. आपल्याकडच्या मैदानावर खेळायचं असेल तर तिथलीच गन, तिथलाच वायू घ्यावा.

एक सांगायचं उरलं. उत्तम टँक, उत्तम गन असली तरी मास्क डोळ्यांवरून उतरवायचा नाही, मैदानावर एक क्षणही नाही. नळीच्या तोंडावर बॅरल कव्हर घातल्याशिवाय मैदानाबाहेर पाऊल टाकायचं नाही. हे तुला फील्डवालेही सांगतील. ते कंटाळून, पाठ केल्यासारखं सांगतील. तू मात्र पहिल्यांदा ऐकतो आहेस असं समजून ऐक. या खेळात आपण मित्रांवरच गोळ्या झाडतो. ते निर्धास्तपणे समोर उभे राहतात, कारण तुझी गन मर्यादेत आहे यावर त्यांचा विश्वास असतो. तो विश्वास खरा ठरवणं ही खेळाडू म्हणून तुझी पहिली जबाबदारी, आणि योग्य वायू निवडणं हा तिचाच भाग आहे.

या आठवड्यात फील्डला फोन करून ते किती दाबापर्यंत भरतात ते विचार, आणि सीनियरच्या गनचं नाव व मॉडेल मला कळव. टँक निवडलास की पैसे देण्यापूर्वी त्याच्या खांद्यावरच्या खुणांचा स्वच्छ फोटो पाठव. तो वाचून घ्यायचा की नाही, ते मी त्याच दिवशी सांगेन. टँक मी तुला वाढदिवसाची भेट म्हणून देणार आहे, तेव्हा किमतीचा विचार करून जुनं काही उचलू नकोस.

खूप खेळ, अभ्यासही कर, आणि ताईला फोन करत जा.

तुझी,
मावशी